मुलाचा आवाज बसलाय? किती दिवस झाले?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ७ वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली. "डॉक्टर, दिवसभर ओरडत असतो, आवाज बसलाय." मी टॉर्च लावून घसा पाहिला, थोडा लाल होता. औषध दिलं. पंधरा दिवसांनी ते परत आले, मी औषध बदललं. असे दोन महिने गेले. मग आई म्हणाली, "आता झोपेत श्वासाचाही आवाज येतो." तेव्हा माझे डोळे उघडले.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरतंतूंवर चामखिळीसारख्या गाठी वाढल्या होत्या. हा एचपीव्ही विषाणूमुळे होणारा आजार. गाठी काढल्या तरी पुन्हा येतात. त्या मुलावर अनेकदा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तो बरा झाला, पण ते दोन महिने मी विसरलेलो नाही.

माझी चूक कुठे झाली? 'आ' केल्यावर दिसतो तो घसा. स्वरयंत्र त्याच्या खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशी असतं. टॉर्चचा उजेड तिथे पोहोचत नाही. तिथले दोन स्वरतंतू बोलताना जवळ येतात आणि हवेने थरथरतात. मुलांमध्ये सेकंदाला साधारण २५० ते ३०० वेळा. सतत ओरडलं की ते एकमेकांवर आपटतात आणि कुदळ मारून हाताला पडतात तसे त्यांच्यावर घट्टे पडतात. मुलांचा आवाज दीर्घकाळ घोगरा राहण्याचं हेच सर्वात सामान्य कारण. घाबरू नका. पाणी भरपूर, ओरडणं आणि सारखं खाकरणं कमी, सोबत आवाजाचे व्यायाम. एवढ्याने बहुतेकांना फरक पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज साधारण एक-दोन आठवड्यांत सुटतो. ४ आठवडे उलटले, तर मात्र स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहून घ्या. नाकातून बारीक नळी घालून काही मिनिटांत ही तपासणी होते. बहुतेकदा भूलही लागत नाही.

पण श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात असेल, लाळ गिळता येत नसेल किंवा शेंगदाणा खाताना ठसका लागून आवाज बसला असेल, तर एक दिवसही थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.

हल्ली असं मूल आलं की औषध लिहिण्याआधी मी एकच विचारतो, "किती दिवस झाले?" घरी तुम्हीही हा हिशोब ठेवा.