जीपचे टायमिंग

आपल्या शाळेची जुनी पेट्रोल जीप अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. सोलापूरहून धान्य आणायला आणि आजारी मुलांना धाराशिवच्या रुग्णालयात न्यायला तेच एक वाहन होते. एका उन्हाळ्यात तिचे बळच गेले. तुळजापूरच्या घाटात ती पहिल्या गिअरवरही धापा टाकी, पाणी उकळे. एका गॅरेजात कार्बोरेटर दोनदा उघडला गेला. गुण आला नाही. इंजिनच उतरवावे लागेल, असा निकाल मिळाला. तेवढा पैसा संस्थेपाशी नव्हता. जीप भंगारात देण्याची भाषा सुरू झाली.

मी तेव्हा नुकताच आयटीआयत दाखल झालो होतो. यंत्राचे ज्ञान फीलर गेज हाती धरण्याइतकेच. परंतु रोजच्या वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणत वाढलेल्या मुलाला, न पाहता दिलेला निकाल पटणे कठीण होते.

पिस्टन माथ्याशी पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. या इंजिनात ते अंतर क्रँकच्या 5 अंशांचे. मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या वेगात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ठिणगी उशिरा पडली की जोर घटतो, इंजिन तापते. लवकर पडली की चढणीवर खडखड होते आणि हँडल उलटे फिरून मनगटावर येते. (म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हे ड्रायव्हरकाकांनी पहिल्याच दिवशी बजावले.) आमच्या जीपला ना खडखड होती, ना उलटा झटका, ताप तेवढा होता.

डेल्कोचे झाकण काढले. पॉइंटची फट 20 थाऊ, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग हवी. तेथे 12 चे पातेही जाईना. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली होती. फट मिटत गेली की पॉइंट उशिरा उघडतात, आणि ठिणगी पडते ती त्यांच्या उघडण्याच्या क्षणी. नवे पॉइंट बसवून आधी फट लावली, मग टायमिंग. फट बदलताच टायमिंग हलते, म्हणून हा क्रम उलटवता येत नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट धरले. काका हँडलने इंजिन फिरवू लागले. पुलीवरची खूण दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते. हवेचा दाब बोट ढकलतो, तीच खरी. मग कॉइलच्या डेल्कोकडील टोकाला बल्ब जोडून डेल्को हळूहळू फिरवला आणि बल्ब लागताच बोल्ट आवळला.

“चला, घाटालाच विचारू,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ज्वारीची चार पोती घेऊन जीप वर आली. पाणी उकळले नाही. पुढे फट मोजण्याचे काम काकांनी दहावीच्या मुलांकडे सोपवले. कॅमला ग्रीसचा ठिपका मात्र ते स्वतःच लावीत.