गॅसवर महाबळेश्वर!

शुक्रवारी दुपारी ऑफिसमध्ये वीकएंडचे बेत सुरू झाले, की महाबळेश्वरचं नाव हमखास निघतं. पाठोपाठ प्रश्न येतो, पेट्रोलचं काय? मग ज्याची गाडी एलपीजीवर, त्याचा ग्रुपमधला भाव एकदम वधारतो! आम्हीही अशाच एका गाडीतून पुण्याहून निघालो. थोडी थंडी खायला, थोडा हिशेब तपासायला.

आपल्याकडे गाडीत एलपीजी वापरायला 2000 मध्ये परवानगी मिळाली. 2006 मध्ये मारुतीची वॅगन-आर ड्युओ आली आणि 'पेट्रोल संपलं तर गॅस, गॅस संपला तर पेट्रोल' हे गणित मध्यमवर्गाला पटलं. पुढे सीएनजीने बाजी मारली. तरी किट बसवलेल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत.

डिकी उघडली, की पहिला फायदा दिसतो. सीएनजीच्या लांबलचक सिलिंडरसारखी इथे सगळी जागा जात नाही. एलपीजीची गोल टाकी स्टेपनीच्या खळग्यात बसते. स्टेपनी मात्र वर येते, म्हणजे परतताना स्ट्रॉबेरीची खोकी मोजूनच घ्यायची!

कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळेपर्यंत गाडी गॅसवर आहे हे कळतही नाही. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घ्यावं, कृष्णेच्या घाटावर जरा टेकावं. पुढे पसरणी घाट लागतो आणि खरी परीक्षा सुरू होते. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे चढावर ताकद थोडी कमी पडते. चार माणसं आणि सामान असेल तर सरळ पेट्रोलचं बटण दाबा. नव्या इंजेक्शन किटमध्ये हा त्रास कमी.

महाबळेश्वरच्या गारठ्यात सकाळी गाडी आधी पेट्रोलवरच सुरू होते. इंजिनाचं पाणी तापलं, की त्या उष्णतेवर गॅसची वाफ होते आणि मग गाडी गॅसवर जाते. तेवढ्यात एक चहा होतो!

आता पैशांचं बोलू. जाऊन-येऊन साधारण 240 किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला 15 आणि गॅसवर 12 किलोमीटर धरा. म्हणजे 16 लिटर पेट्रोल किंवा 20 लिटर गॅस. हिशेबापुरते दर 100 आणि 60 रुपये धरले, तर वाचले 400 रुपये. किटला 30 हजार मोजले असतील, तर ते वसूल व्हायला अशा 75 ट्रिपा हव्यात! पण रोज 40 किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याचे तेच पैसे 450 दिवसांत सुटतात. थोडक्यात, गॅसची खरी कमाई ऑफिसच्या रस्त्यावर होते, महाबळेश्वर हा तिचा बोनस.

निघण्यापूर्वी एवढं पाहाच:

- एलपीजीचे पंप मोजकेच आहेत. टाकी शहरातच भरा, पेट्रोलही ठेवा.
- टाकी 80 टक्केच भरते. उन्हात गॅस फुगतो, त्यासाठी ही जागा.
- किटची नोंद आरसी बुकात हवी.
- घरच्या सिलिंडरमधून गॅस भरण्याची 'आयडिया' कुणी दिली, तर हात जोडा. ते बेकायदा आहेच. शिवाय गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि एक ठिणगी पुरते.
- वास आला, की इंजिन बंद, काचा खाली आणि सगळे बाहेर. वाचवलेल्या चारशे रुपयांपेक्षा ग्रुप महत्त्वाचा!