शिकाऊ उमेदवार

‘शिकाऊ’ हा शब्द आपल्याकडे फार हलक्या अर्थाने वापरला जातो. गॅरेजमध्ये पाने पुसणारा पोरगा शिकाऊ, शिंप्याकडे काजे-बटणे करणारी मुलगी शिकाऊ. अशांना पगार नसतो, मुदत नसते. वस्ताद ‘आलं तुला’ म्हणेल त्या दिवशी शिक्षण संपले. या शब्दापुढे ‘उमेदवार’ जोडून त्याला थोडी प्रतिष्ठा दिली ती कायद्याने.

इंग्रजी अमदानीत १८५० साली असा एक कायदा झाला होता. तो मुख्यतः अनाथ व गरीब मुलांना कोणत्या तरी धंद्याला बांधून देण्यासाठी होता. स्वतंत्र भारताने १९६१ मध्ये नवा शिकाऊ उमेदवारी कायदा केला. मालक आणि शिकणारा यांच्यात लेखी करार, ठरलेली मुदत, दरमहा विद्यावेतन असे त्याचे स्वरूप. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. १९८६ मध्ये बारावीपर्यंत व्यवसाय शिक्षण घेतलेली मुले आली. आणि बी.ए. झालेल्यांना आत घेतले ते २०१४ च्या दुरुस्तीने. त्रेपन्न वर्षे आम्ही दाराबाहेर होतो, आणि आत आलो हेही आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही!

माझे वडील जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत. आपल्या वऱ्हाडात कापूस पिकतो. १८७० मध्ये खामगावला आगगाडी आली तीही कापसासाठीच. पण या धंद्यात माणूस घडतो तो जुन्याच पद्धतीने. वडील सातवीनंतर एका मिस्त्रीच्या हाताखाली लागले. पहिली तीन वर्षे त्यांना दोन वेळचा चहा आणि दिवाळीला एक सदरा मिळाला. आज यंत्राच्या नुसत्या आवाजावरून ते बेअरिंग गेले की पट्टा सैल झाला ते सांगतात. तरीही मोठ्या कारखान्यात भरती निघाली की ते अर्ज करीत नाहीत. “काम येते माह्याले, कागद कुठी हाये माह्यापाशी?” असे म्हणून ते विषय मिटवितात. माझ्या बाबतीत त्यांची काळजी नेमकी उलट आहे. कागद होईल, पण हाताला काय येईल?

त्यांना मी या कायद्याची हकिकत सांगितली. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले, हे ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी विचारले, “कुठी?” या एका शब्दापाशी माझे सारे वक्तृत्व थांबले.

कारण ज्या ठिकाणी ३० किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तेथेच उमेदवार घेणे सक्तीचे आहे. संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसे असतील तर मालकाची मर्जी. पुण्याला किंवा वाळूजला हा आकडा किरकोळ आहे. आमच्या तालुक्याच्या गावी तो डोंगराएवढा होतो. आम्ही चार मैत्रिणींनी एका रविवारी मेन रोडची मोजणी केली. कापडदुकाने, कृषी केंद्रे, छापखाना, दवाखाने, पतसंस्था. दहाच्या वर माणसे असलेली ठिकाणे एका हाताच्या बोटांवर मावली. पुण्याला जावे तर खोलीभाडे आणि खाणावळ वजा जाता विद्यावेतनातले उरते काय? शिवाय माझ्यासारखीला घरून परवानगी मिळणे हा आणखी निराळा अध्याय आहे.

शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे स्वस्तातला कारकून म्हणून त्याला राबविण्याची वाट मोकळीच राहते. तरी करार, मुदत आणि प्रमाणपत्र ही तीन शस्त्रे वडिलांजवळ नव्हती, म्हणून मला त्यांचे मोल वाटते.

अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण द्यावे, अशीही सोय या कायद्यात आहे. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एकट्या छापखान्याला हे जड जाईल. छापखाना, पतसंस्था आणि कृषी केंद्र मिळून का जड जावे? एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना आम्ही हे विचारले. त्यांनी चहा मागविला, सारे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “पोरींनो, एक-दोघी ठेवू आम्ही. पण ती नोंदणी, तो करार, ते फॉर्म, हे सगळं कोण करणार?”

आमच्या प्राध्यापकांपैकी कोणी शिकवणार असेल, तर ते फॉर्म भरायला आम्ही चौघी तयार आहोत.