गरम पाय

ऑक्टोबर १९८९. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी, भातकापणी चाललेली. खळ्याकडेच्या पेंढ्यात मी हात घातला आणि लाल विंचवाने नांगी मारली. मी नऊ वर्षांची.

थोड्या वेळात झगा घामाने भिजला, उलट्या सुरू झाल्या. आजी मांत्रिकाला बोलवायला निघाली होती. शेजारचे तात्या आले, त्यांनी माझे पाय चाचपले आणि म्हणाले, "काकी, पोर गार पडत चाललीय. आता उतारा नको, डॉक्टर." त्यांनी मला पाठुंगळी घेतलं आणि अंधारात पायवाटेने रस्ता गाठला. घाट उतरणारा भाजीचा टेम्पो आडवं उभं राहून थांबवला. आई मागून धावत आली. पोलादपूर मागे टाकून आम्ही महाडला पोचलो.

डॉक्टरांनी मला एक गोळी दिली. आई मला मांडीवर घ्यायला गेली, तर म्हणाले, "उचलू नका. आडवीच राहू दे, नाहीतर रक्तदाब एकदम उतरेल." तीन तासांनी पुन्हा गोळी. दर वेळी ते माझ्या पायाची बोटं मुठीत धरून बघायचे. उजाडता उजाडता ती गरम लागली, तेव्हा तात्या बाहेरच्या बाकावर पहिल्यांदा टेकले.

ती गोळी प्राझोसिनची, हे मला फार पुढे कळलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या. विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९८२ साली त्यांच्या नोंदी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे रक्तदाबाची ही स्वस्त गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसेक जायचे; ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांत ती बातमी घरच्याच माणसाची होती.

मी आज हृदयाच्या स्नायूपेशींवर काम करते. विषाने थकलेला स्नायू बहुतेकदा काही दिवसांत पूर्ववत होतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्त तुटून मेलेला मात्र परत उगवत नाही, तिथे व्रण होतो. पॅरिसमध्ये जून २००० मध्ये फिलिप मेनाशे यांनी एका ७२ वर्षांच्या रुग्णाच्या मांडीचा स्नायू घेऊन, त्यातल्या पेशी वाढवून हृदयाच्या व्रणात टोचल्या. आशा मोठी होती. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र हृदयाची ताकद अपेक्षेइतकी वाढली नाही, ठोका बिघडण्याची भीती राहिली. टोचलेल्या पेशी पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात. झटक्यानंतर लगेच घातल्या तर दाह त्यांना खातो. फार उशिरा घातल्या तर व्रण घट्ट झालेला असतो. टोरांटोत उंदरांवर झालेल्या प्रयोगात इजेनंतर दोन आठवड्यांची वेळ सर्वांत बरी ठरली. नव्या केशवाहिन्या फुटाव्यात म्हणून ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनंही देऊन पाहतात, पण त्यांचीही वेळ साधावी लागते: रक्त पोचायच्या आत पेशी मेली तर ते प्रथिन कोणाच्या उपयोगाचं?

२०१२ साली तात्यांच्या छातीत कळ आली. कोणीतरी पित्त म्हणालं आणि सोडा दिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले, तोवर हृदयाच्या डाव्या बाजूचा मोठा भाग गेला होता. माझ्यासाठी एक तास न दवडणारा हा माणूस स्वतःसाठी अख्खी रात्र उशाला हात घेऊन पडून राहिला. मला कोणी फोन केला नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही.

ते वाचले, पण ओटा चढताना दम लागायचा. एका दिवाळीत मी त्यांना माझं काम समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "म्हणजे माझ्या छातीत नवं मांस घालता येईल?"

"अजून नाही, तात्या."

"बरं. ज्याला येईल त्याला लवकर घाला." मग त्यांनी चादर बाजूला केली, सुजलेली पावलं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बघ बरं, गरम आहेत का?"

मी दोन्ही हातांत धरली. गार होती. मी धरूनच बसले.