पिंकर्टनचे ऐकणारे

'पिंकर्टन' मी हेडफोन लावूनच ऐकते, घरात कुणी नसलं तरी. ही गाणी कुणाच्या देखत ऐकवत नाहीत, इतकी ती उघडी आहेत.

वीझर या अमेरिकी रॉक बँडचा हा दुसरा अल्बम, सप्टेंबर १९९६चा. निळ्या मुखपृष्ठाच्या पहिल्या अल्बमने त्यांना लाखो श्रोते दिले होते. गोड चाली, खट्याळ शब्द. मग गीतकार-गायक रिव्हर्स कुओमो हार्वर्डला शिकायला गेला. आखूड पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया झालेली, पायाभोवती धातूचा सांगाडा, सोबतीला एकटेपण. तिथल्या दिवसांत यातली बरीच गाणी आली. बँडने बाहेरचा निर्माता घेतलाच नाही. गिटारी खरखरतात, ड्रम अंगावर येतात, आवाज मधूनच फाटतो, आणि फाटलेला तसाच ठेवलेला आहे.

अनेक समीक्षकांना हे पोरकट वाटलं. 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी तर त्या वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये त्याला बसवलं.

त्यांचं अवघडणं मला समजतं. विरहिणी ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना विरह देखणा असण्याची सवय होती. इथे तो देखणा नाही. एका गाण्यात जपानमधल्या अठरा वर्षांच्या चाहतीचं पत्र येतं, आणि गाणारा त्या कागदाभोवती नको नको त्या कल्पना रचत बसतो. ती मुलगी खरी कशी असेल, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ते ऐकताना मला आजही कसंनुसं होतं. पण अल्बमचं नाव कुठून आलं? पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरातून. जपानी मुलीशी लग्न करून तिला टाकून जाणारा अमेरिकी नौदल अधिकारी, तो पिंकर्टन. कुओमोने त्या दगाबाजाचं नाव स्वतःच्या दुःखाला दिलं. शेवटच्या गाण्यात सगळा गोंगाट थांबतो, एक साधी गिटार उरते आणि अपराध्याची माफी ऐकू येते. स्वतःची कीव करणारा माणूस इतकं कबूल करत नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे आधी ऐकू आलं ते खोलीचं दार लावून बसलेल्या पोरांना. त्यांनी हा अल्बम मित्रांना ऐकवला, त्यातल्या काहींनी पुढे स्वतःचे बँड काढले, आणि इमो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतात त्याचा आवाज मुरला. २००२ साली त्याच 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी 'पिंकर्टन'ला आजवरच्या थोर अल्बमांमध्ये सोळावं स्थान दिलं. २००४मध्ये त्या मासिकाने पाचपैकी पाच तारे दिले. मधल्या काळात अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता.

बदलला तो कुओमो. तो माणसांतून उठला. २००१मध्ये बँड परतला तेव्हा त्याने मुलाखतीत या अल्बमला कुरूप ठरवलं, तो काढणं ही मोठी चूक होती म्हणाला. त्या वर्षीचा हिरवा अल्बम नीटनेटका आहे, चाली छान आहेत, पण आत कुणी राहत नाही. तो ऐकताना मला १९९६च्या त्या निकालांचा राग येतो. गाणं नावडलं म्हणण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे, पण इथे लोक एका माणसाच्या कबुलीला हसले होते, आणि त्याला ते खरं वाटलं.

२०१०मध्ये बँडने दौरा काढला आणि रंगमंचावर 'पिंकर्टन' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. ऐकायला आलेल्यांना तो पाठ होता. त्यांच्यापैकी एखाद्याचं पत्र कुओमोला १९९७ सालीच मिळायला हवं होतं.