गॅरिबाल्डीचा लाल, नॉटिंगहॅमचा काळा-पांढरा

ट्रेंट नदीवरच्या १८७१च्या पुलावर मधोमध उभं राहिलं, की तीन मैदानं हाकेच्या अंतरावर येतात. दक्षिण काठाला, पाण्याला अगदी चिकटून, नॉटिंगहॅम फॉरेस्टचं सिटी ग्राउंड. उत्तर काठाला, जरा आतल्या बाजूला, नॉट्स काउंटीचं मेडो लेन. मध्ये नदी, आणि दोन्ही स्टेडियमांतलं अंतर जेमतेम पावणेतीनशे मीटर. व्यावसायिक फुटबॉल क्लबांची इतकी शेजारी-शेजारी मैदानं इंग्लंडमध्ये दुसरीकडे कुठे नाहीत. तिसरं मैदान क्रिकेटचं, ट्रेंट ब्रिज. मराठी माणसाच्या ओठी हेच नाव आधी येतं. २००७च्या कसोटीत खेळपट्टीवर जेली बीन्स टाकून आपल्या झहीर खानला डिवचलं गेलं आणि श्रीरामपूरच्या या गड्याने सामन्यात नऊ बळी घेऊन उत्तर दिलं, ते इथेच.

मी मात्र या गावी आलो होतो ते जर्सीचे रंग पाहायला. आज जगभर कोट्यवधी लोक अंगावर मिरवतात ते दोन पोशाख, आर्सेनलचा लाल आणि युव्हेंटसचा काळा-पांढरा, दोन्ही या नदीकाठच्या गावातून गेलेले आहेत. जेमतेम सव्वातीन लाख वस्तीचं हे शहर. इतक्या लहान गावाने जगाच्या फुटबॉलला दोन रंग द्यावेत, याचा मला कित्येक वर्षं अचंबा वाटत आला आहे.

लाल रंगाची हकीकत नदीकाठी सुरू होत नाही, त्यासाठी शहराच्या उत्तरेला जावं लागतं. ट्राम ‘द फॉरेस्ट’ या थांब्यावर सोडते. समोर उतारावर पसरलेलं मोठं हिरवं मैदान दिसतं. पूर्वी शेरवुडच्या जंगलाचं दक्षिण टोक इथवर येत असे. आता ऑक्टोबरात इथे गूज फेअर नावाची जुनी जत्रा भरते, एरवी पोरं चेंडू खेळतात आणि लोक कुत्री फिरवतात. १८६५ साली शिंटी हा हॉकीसारखा खेळ खेळणारी काही तरुण मंडळी शेक्सपियर स्ट्रीटवरच्या ‘क्लिंटन आर्म्स’ या पबमध्ये जमली आणि त्यांनी फुटबॉल खेळायचं ठरवलं. ती खेळत होती या मैदानावर, म्हणून क्लबचं नाव फॉरेस्ट. त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला: गोंडे लावलेल्या डझनभर लाल टोप्या विकत घ्यायच्या. त्या काळी संघ ओळखू यायचे ते टोप्यांवरून आणि गळ्यातल्या रुमालांवरून, सगळ्यांनी एकसारखा सदरा घालण्याची पद्धत अजून रुळायची होती. टोप्यांचा रंग ठरला गॅरिबाल्डीचा लाल.

रॉबिन हूडच्या गावाने हिरवा सोडून लाल का निवडला? याचं उत्तर आदल्या वर्षात सापडतं. एप्रिल १८६४मध्ये इटलीचा क्रांतिवीर जुझेप्पे गॅरिबाल्डी लंडनला आला होता आणि त्याला पाहायला रस्त्यांवर अलोट गर्दी लोटली होती. चारच वर्षांपूर्वी हजारभर लाल सदरेवाल्यांना घेऊन तो सिसिलीत उतरला होता आणि नेपल्सचं राज्य त्याने उलथवलं होतं. इंग्लंडमधल्या कामगारांचा तो लाडका होता. त्याच्या सदऱ्यासारखी लाल पोलकी बायकांच्या फॅशनमध्ये आली, त्याच्या नावाची बिस्किटंही निघाली. आपल्याकडेही हा माणूस परका नाही. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं, त्यानंतर मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही जोडी मराठी घराघरांत पोचली. ज्या नावाने आपल्याकडच्या मुलांचं रक्त उसळलं, त्याच नावाने चाळीस वर्षं आधी नॉटिंगहॅमच्या पोरांनी टोप्या घेतल्या होत्या.

पण खुद्द गॅरिबाल्डीने तरी लाल रंग कुठून घेतला? १८४०च्या दशकात तो दक्षिण अमेरिकेत, मॉन्टेव्हिडिओच्या बाजूने लढत होता. तिथल्या त्याच्या इटालियन पलटणीला गणवेश हवा होता आणि पैशांची चणचण होती. बंदरात लाल लोकरी सदऱ्यांचा एक साठा स्वस्तात मिळाला. तो ब्वेनोस आयरेसच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांसाठी होता, असं सांगतात. रक्ताचे डाग दिसू नयेत म्हणून लाल. म्हणजे मुळात ती खाटकाची सोय होती.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. १९०५मध्ये फॉरेस्टचा संघ बोटीने अर्जेंटिनाच्या दौऱ्यावर गेला आणि लाल जर्सीत तिथले सामने खेळला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंडिपेंडिएन्टे या क्लबच्या लोकांवर त्या खेळाची मोहिनी पडली आणि थोड्याच काळात त्यांनी आपला पोशाख लाल केला. हा क्लब अवेयानेदाचा, ब्वेनोस आयरेसला खेटून असलेल्या उपनगराचा. ज्या नदीच्या मुखाशी गॅरिबाल्डीला लाल सदरे मिळाले, तिथेच तो रंग साठ वर्षांनी नॉटिंगहॅमहून परत पोचला.

आर्सेनलची कथा सरळ आहे. १८८६ साली लंडनजवळच्या वुलिच इथल्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात कामगारांनी संघ काढला. त्यांच्यात फ्रेड बियर्डस्ली नावाचा गोलरक्षक होता, तो आधी फॉरेस्टकडून खेळलेला. नव्या संघाकडे ना कपडे ना चेंडू. त्याने जुन्या क्लबला पत्र टाकलं आणि नॉटिंगहॅमहून लाल जर्सींचा संच आला, सोबत एक चेंडूही. पुढे १९३३मध्ये हर्बर्ट चॅपमन या प्रशिक्षकाने बाह्या पांढऱ्या केल्या आणि लाल आणखी उजळ केला. हा चॅपमन खेळाडू म्हणून काही काळ नॉट्स काउंटीकडे होता, हेही जाता जाता सांगायला हवं.

एवढ्या जर्सी पुरवणारं हे गाव मुळात विणकऱ्यांचं. ते नीट समजायचं असेल तर शहरापासून दक्षिणेला बसने थोड्या अंतरावर असलेल्या रडिंग्टनला जावं. तिथे १८२९च्या सुमाराची विणकऱ्यांची वसाहत जशीच्या तशी राखून तिचं संग्रहालय केलं आहे. विटांची घरं, मधलं अंगण, आणि कारखान्याच्या खोल्यांना जवळजवळ भिंतभर लांब खिडक्या, कारण बारीक टाके पाहायला उजेड लागे. आत लाकडी चौकटीतली लोखंडी यंत्रं एकमेकांना खेटून उभी आहेत. मोजे विणायचं हे यंत्र १५८९ साली विल्यम लीने काढलं. तो इथलाच, कॅलव्हर्टन गावचा. तिथल्या एका वयस्क बाईंनी यंत्रावर बसून मला चार ओळी विणून दाखवल्या. पायाखालच्या पट्ट्या आळीपाळीने दाबल्या की सूत सुयांच्या रांगेवर आडवं पसरतं. मग पातळ पत्रे खाली येतात आणि सुताला सुयांमध्ये दाबून वळसे पाडतात. प्रत्येक सुईचं टोक आकड्यासारखं मागे वळलेलं असतं. वरून एक दांडा येऊन सगळे आकडे एकदम मिटवतो, जुना टाका त्यांच्यावरून घसरून पुढे पडतो आणि नवी ओळ तयार होते. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि डोळे, सगळं एका लयीत. कानठळ्या बसवणारा खडखडाट. दिवसाचे बारा-चौदा तास हे काम करून माणसं अर्धपोटी झोपत. मजुरी कापली जाऊ लागली तेव्हा १८११मध्ये याच परगण्यातल्या विणकऱ्यांनी रात्री हातोडे घेऊन मालकांची यंत्रं फोडली. सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा आणला, आणि त्याविरुद्ध १८१२मध्ये संसदेतल्या लॉर्ड्सच्या सभेत उभा राहिला कवी बायरन. त्याचं वडिलोपार्जित घरही इथून जवळच. ते त्याचं त्या सभेतलं पहिलंच भाषण.

त्या यंत्रासमोर उभं असताना जर्सीवरच्या पट्ट्यांचं कोडं उलगडलं. विणकाम ओळीओळीने होतं. दर काही ओळींनी सूत बदललं की आडवे पट्टे आपोआप येतात, जास्तीचं काही करावं लागत नाही. जुन्या फुटबॉल-चित्रांत आडव्या पट्ट्यांचे एवढे संघ दिसतात ते यामुळेच असावं, असं मला वाटतं. उभा पट्टा मात्र कष्टाचा. एकाच ओळीत दोन रंगांची सुतं खेळवावी लागतात, नाहीतर कापड आडवं धरून कापावं लागतं. इंग्लंडच्या मैदानांवर उभे पट्टे दिसू लागले ते १८८०च्या दशकात. आणि १८९०मध्ये नॉट्स काउंटीने काळे-पांढरे उभे पट्टे घेतले.

काउंटीची स्थापना १८६२ची. जगातला सर्वांत जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब हाच. १८९०आधीच्या वर्षांत या क्लबने चॉकलेटी आणि निळ्यासारखे रंगही घालून पाहिले, पण काळा-पांढरा आला तो कायमचा. चार वर्षांत, १८९४ला, याच पट्ट्यांत त्यांनी बोल्टनला ४-१ हरवून एफए कप जिंकला. त्यानंतर तितकं मोठं यश पुन्हा आलं नाही. पलीकडच्या काठाला प्रशिक्षक ब्रायन क्लफने फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून दिले. लाल क्लबचा हा गुरू स्वतः कायम हिरव्या स्वेटशर्टात असायचा. बाजारचौकाजवळच्या त्याच्या पुतळ्याच्या अंगावरही स्वेटशर्टच आहे. काउंटी मात्र खाली घसरत २०१९मध्ये फुटबॉल लीगच्याच बाहेर गेला. १८८८ला ज्या बारा क्लबांनी ती लीग स्थापन केली त्यांतला एक, आणि तोच बाहेर! चार वर्षांनी, २०२३ला, तो परत आला.

मेडो लेनवर मी सामना पाहिला तो या पुनरागमनानंतरचा. १९१०पासून क्लब इथे खेळतो. स्टँड निम्मे रिकामे होते, पण माझ्या पुढच्या रांगेत आजोबा, लेक आणि नातू असे तिघं एकाच पट्ट्यांच्या स्कार्फात बसले होते. आजोबांचा स्कार्फ धुऊन धुऊन इतका विटला होता की पांढरा पिवळट आणि काळा राखाडी झाला होता. मी कुठून आलो ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. युव्हेंटसचा विषय काढताच ते म्हणाले, “ते आमचे कपडे आहेत. आम्ही दिलेत.” आवाजात बढाई नव्हती, घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

आणि ते शब्दशः खरं आहे. तूरिनमधल्या शाळकरी मुलांनी १८९७ला युव्हेंटस काढला तेव्हा त्यांचा सदरा गुलाबी होता, वर काळा टाय. कापड स्वस्तातलं, ते धुता धुता पार फिकं पडलं. १९०३मध्ये नवे कपडे हवे झाले. संघात जॉन सॅव्हेज नावाचा इंग्रज होता, त्याला विचारलं गेलं की तुझ्या देशातून टिकाऊ रंगाचं काही मागवता येईल का. त्याचा एक मित्र नॉटिंगहॅमचा, काउंटीचा पाठीराखा. त्याने आपल्या संघाचे पट्टे पेटीत भरून पाठवून दिले. बस, इतकंच. त्यात कुणाचं धोरण नव्हतं, बोधचिन्हाचा आराखडा नव्हता. एका पाठीराख्याला जगात पाठवण्याजोगा एकच पोशाख माहीत होता.

युव्हेंटस हे विसरला नाही. ८ सप्टेंबर २०११ला त्यांनी नवं स्टेडियम उघडलं, तेव्हा पाहुणा म्हणून जगातल्या कुठल्याही बड्या क्लबला बोलावता आलं असतं. बोलावलं नॉट्स काउंटीला, जो तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावर खेळत होता. लुका टोनीने युव्हेंटसचा गोल केला, ली ह्यूजेसने बरोबरी साधली आणि सामना १-१ सुटला. अशा कृतज्ञतेला मी फार मोठी गोष्ट मानतो.

कारण याच्या उलटही घडतं. २०१२मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकाने शतकभराचा निळा टाकून संघाला लाल जर्सी घातली, बाजारात खपेल म्हणून. लोकांनी सोडलं नाही, अखेर जानेवारी २०१५मध्ये निळा परत आला. खुद्द युव्हेंटसने २०१९-२०च्या हंगामात पट्टे काढून अर्धी काळी, अर्धी पांढरी जर्सी आणली, पुढच्या हंगामात पट्टे पुन्हा दाखल. आपल्याकडे २०२०मध्ये मोहन बागान क्लबचं एटीके या क्लबशी विलीनीकरण झालं. नाव बदललं, पण हिरवा-मरून रंग राखावाच लागला, आणि तीन वर्षांनी नावातलं एटीकेही गेलं. या रंगांची सुरुवात कुठे खाटकाच्या सदऱ्यातून, कुठे मित्राने धाडलेल्या पेटीतून झालेली असते. त्यांना मोल येतं ते पिढ्यान्पिढ्या लोकांनी ते अंगावर घातल्यामुळे. म्हणूनच माझं मत स्वच्छ आहे: क्लब मालकाने विकत घेतला तरी रंग त्याच्या मालकीचा होत नाही.

नॉटिंगहॅमला जाणं झालं तर आधी रडिंग्टनचं विणकर-संग्रहालय पाहा, ते ठरावीक दिवशीच उघडं असतं, तेव्हा चौकशी करून जा. आणि मग फॉरेस्टच्या तिकिटासाठी जिवाचा आटापिटा करण्याऐवजी पलीकडच्या काठाला मेडो लेनवर जा. तिथे तिकीट सहज मिळतं, आणि त्या क्लबला प्रेक्षकाची गरज जास्त आहे.