नसलेल्या सुरांची फर्माईश

विद्यार्थी मित्रांनो, 'फर्माईश' हा शब्द तुमच्या घरातलाच आहे आणि मराठीतही तो फार जुना आहे. मैफलीत एखादा रसिक आवडत्या गझलेची फर्माईश करतो. वरातीत नवरदेवाचे मित्र बँडवाल्याच्या हातात नोट ठेवून चित्रपटगीताची फर्माईश करतात. दोन्ही ठिकाणी मागणाऱ्याला काय हवे आहे ते आधीच ठाऊक असते. पण जे गाणे अजून जन्मालाच आलेले नाही, त्याची फर्माईश करता येईल का? येईल. आज मी तुम्हांला अशाच फर्माईशीबद्दल सांगणार आहे.

मी सॅक्सोफोन वाजवतो. लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही हे वाद्य नक्की पाहिले असेल. ते पितळेचे असते, खाली हत्तीच्या सोंडेसारखे वळलेले असते आणि अंगभर बटणे असतात. ते पितळेचे असले तरी त्याचा आवाज मात्र बोरूच्या एका पातळ पट्टीतून निघतो. या पट्टीला 'रीड' म्हणतात. शहनाईतही अशीच पत्ती असते, म्हणून सॅक्सोफोनला शहनाईचा दूरचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

माझे घर जालन्याच्या एमआयडीसीजवळ आहे. 'जालना, सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आज त्या पाळण्यात सोन्यापेक्षा लोखंड जास्त आहे. घरे आणि पूल बांधायला लागणाऱ्या सळया इथल्या कारखान्यांत तयार होतात. भट्टीतून लालभडक तापलेला लोखंडाचा लांब ठोकळा बाहेर येतो. तो फिरत्या रुळांमधून एकामागून एक जातो, दर वेळी अधिक बारीक आणि अधिक लांब होतो, आणि शेवटी सळई बनून सापासारखा धावत सुटतो. मग त्याच्यावर पाण्याचा मारा होतो आणि वाफेचा फूत्कार उठतो. रुळांची घरघर, कात्रीचा ठोका, सळया एकमेकींवर पडल्याचा खणखणाट आणि पाळी संपल्याचा भोंगा हे आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो.

माझे वडील अशाच एका रोलिंग मिलमध्ये अठ्ठावीस वर्षे कामाला होते. त्या काळात ते कानांत कापसाचे बोळे घालून कामावर जात. बोळे आवाजाला किती अडवणार? मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले, की माणसाला आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. खालच्या पट्टीचे, घोगरे आवाज त्यामानाने अधिक काळ ऐकू येतात. अब्बांचेही तसेच झाले. प्रथम त्यांना चिमण्यांचा चिवचिवाट ऐकू येईना, मग फोनची घंटा, मग नातवंडांचे बोलणे. मी बँडमध्ये काय वाजवतो, हेही त्यांना हळूहळू कळेनासे झाले.

आता थोडे माझ्या वाद्याविषयी. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स हा बेल्जियम देशातला कारागीर. त्याचा जन्म 1814 सालचा. त्याने हे वाद्य तयार केले आणि 1846 मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट, म्हणजे हक्कपत्र, मिळवले. तोपर्यंत पाश्चात्त्य संगीतातले मोठमोठे रचनाकार होऊन गेले होते. बाख 1750 मध्ये, मोझार्ट 1791 मध्ये आणि बीथोव्हेन 1827 मध्ये वारला. त्यांच्यापैकी कोणीही सॅक्सोफोनसाठी एक ओळ लिहिणे शक्यच नव्हते. व्हायोलिन वाजवणाऱ्याला आजोबा-पणजोबांची जमीन वारसा म्हणून मिळते, तशी रचनांची भरलेली कपाटे मिळाली. सॅक्सोफोनवाल्याला मात्र रिकामे कपाट मिळाले.

रिकामे कपाट मिळाल्यावर माणसाने काय करावे? एक मार्ग म्हणजे दुसऱ्यांचे संगीत आपल्या वाद्यावर आणणे. मंगळूरचे कद्री गोपालनाथ यांनी हा मार्ग धरला. त्यांचे वडील नादस्वरम् वाजवत. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो त्या आवाजाच्या प्रेमातच पडला. कर्नाटक संगीतात सूर डोलवावा लागतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावे लागते. बटणांच्या वाद्यावर हे फार कठीण. गोपालनाथांनी वाद्यात काही बदल केले, वर्षानुवर्षे रियाज केला आणि 1994 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर ऐकवले. 2019 मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या मुंबईतले उदाहरण मनोहारी सिंग यांचे. ते 1958 मध्ये कोलकात्याहून मुंबईला आले. 'गाईड' (1965) आणि 'आराधना' (1969) या चित्रपटांतील गाण्यांमध्ये त्यांचा सॅक्सोफोन ऐकू येतो. पुढे ते राहुलदेव बर्मन यांचे साहाय्यकही झाले. गाणे गाणाऱ्याच्या नावाने ओळखले जाते, पण त्या गाण्यातला सॅक्सोफोनचा तुकडाही लोक गुणगुणतात. आम्हां बँडवाल्यांची शाळा म्हणजे मनोहारीजींचे तुकडे. 2010 मध्ये ते गेले, पण प्रत्येक वरातीत ते आमच्याबरोबर चालत असतात.

दुसरा मार्ग अधिक धाडसाचा. तो म्हणजे रचनाकाराकडे जाऊन म्हणायचे, "माझ्या वाद्यासाठी काहीतरी नवे लिहा. मी मोबदला देईन आणि ते लोकांपुढे वाजवीन." या मार्गावर फार पुढे गेलेल्या एका बाईंचे नाव एलिझ हॉल. त्या अमेरिकेतील बोस्टन शहरात राहत. आजारपणामुळे त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. अशा स्थितीत त्यांनी सॅक्सोफोन हाती घेतला. त्या काळी सभ्य घरच्या बाईने असे वाद्य वाजवणे लोकांना विचित्र वाटे. एलिझबाईंनी त्याची पर्वा केली नाही. त्यांनी वेगवेगळ्या रचनाकारांकडून वीसहून अधिक नव्या रचना करून घेतल्या. फ्रान्सचा प्रसिद्ध रचनाकार देब्युसी यालाही त्यांनी फर्माईश केली. त्याने पैसे घेतले आणि काम वर्षानुवर्षे लांबवले. 1918 मध्ये तो वारला. त्याच्या कच्च्या लिखाणावरून दुसऱ्या एका रचनाकाराने वाद्यवृंदाचा भाग पूर्ण केला आणि 1919 मध्ये ती रचना पॅरिसमध्ये प्रथम वाजली. एलिझबाईंना मात्र ती स्वतः कधीच वाजवता आली नाही. आज जगभरातले सॅक्सोफोनवादक ती वाजवतात. कपाटातला एक खण त्या बाईंनी भरून ठेवला, तो आपल्यासाठी.

ही हकीकत वाचली तेव्हा मला अब्बांचे कान आठवले. ऐकू येणे कमी होत असलेली एक बाई नवे संगीत मागत होती. मग ऐकू येणे कमी झालेल्या माणसासाठी नवे संगीत का मागू नये?

पण मागायचे कसले संगीत? इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. संगीत फक्त वाद्यांतूनच निघते असे नाही. 1948 मध्ये फ्रान्सच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर या अभियंत्याने पॅरिसच्या एका स्थानकावर आगगाडीच्या इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ते कापून, उलटसुलट जोडून, पुन्हा पुन्हा फिरवून त्याने एक रचना तयार केली आणि रेडिओवरून ऐकवली. 1966 मध्ये अमेरिकेच्या स्टीव्ह राइश याने सॅक्सोफोन आणि टेप यांच्यासाठी एक रचना केली. तीत एक छोटा स्वरसमूह टेपवर सतत चालू असतो आणि वादक तोच स्वरसमूह हळूहळू वेग वाढवत वाजवतो. श्वास मात्र मध्येच तोडायचा नाही. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेण्याची ही युक्ती आपल्या शहनाईवादकांना चांगली माहीत आहे.

हे सारे परदेशातच घडले असे समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने विद्युत संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे विजेवर चालणारे 'मूग' नावाचे वाद्य होते आणि टेपयंत्रे होती. गीता साराभाई यांच्यासारख्या भारतीय संगीतकारांनी तिथे प्रयोग केले. तो स्टुडिओ काही वर्षांतच बंद पडला आणि त्या टेपा कित्येक वर्षे कपाटात पडून राहिल्या. अलीकडे त्या पुन्हा उजेडात आल्या आहेत.

मी एका तरुण संगीतकाराला गाठले. तो संगणकावर आवाज जोडून संगीत रचतो. मी त्याला एका लग्नसराईची अर्धी कमाई देऊ केली आणि दोन अटी घातल्या. पहिली, रचनेत आमच्या एमआयडीसीचे आवाज असावेत. दुसरी, रचना खालच्या पट्टीत असावी, म्हणजे ती माझ्या वडिलांना ऐकू येईल. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अशी फर्माईश मला आजवर कोणी केली नाही." मी मोबाइलवर आवाज गोळा केले. रुळांची घरघर, कात्री, वाफ, भोंगा, वजनकाट्यावर चढणारी मालमोटार, सारे काही त्यात होते. तीन महिन्यांनी त्याने आठ मिनिटांची रचना पाठवली.

तो कागद पाहून मी गोंधळलो. त्यावर ताल नव्हता, सेकंद लिहिलेले होते. चाळिसाव्या सेकंदाला वाफ सुटेल, तेव्हा नुसता श्वास फुंका. नव्वदाव्या सेकंदाला जीभ रीडवर आपटा, म्हणजे कात्रीसारखा ठोका निघेल. पुढे एकाच वेळी दोन सूर काढा. सॅक्सोफोनवर बोटांची वेगळी ठेवण केली, की एका फुंकरीत दोन-तीन सूर फुटतात. बँडमध्ये असे झाले असते, तर मालकाने मला घरी पाठवले असते! इथे तेच साधायचे होते.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच होती. वरातीत घोडा थांबला की आम्ही धून लांबवतो, घोडा चालला की पुढे जातो. माणूस माणसासाठी थांबतो. ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. ते मिलच्या रुळांसारखे असते. वेळेवर हात पुढे केला नाही, तर लोखंड निघून जाते. समोर घड्याळ ठेवून मी चार महिने सराव केला. तेव्हा मला प्रथमच समजले, की अब्बांनी अठ्ठावीस वर्षे कोणत्या लयीत काम केले.

एका शाळेच्या सभागृहात आम्ही ही रचना ऐकवली. साठेक माणसे आली होती. काही जण मध्येच उठून गेले. एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारले, "गाणे कधी सुरू होणार?" मला राग आला नाही. नव्या गोष्टीला असे प्रश्न विचारलेच जातात. अब्बा पहिल्या रांगेत, ध्वनिवर्धकाला टेकवलेल्या लाकडी बाकावर बसले होते. त्यांचा हात बाकावर पालथा होता. रचना संपल्यावर ते मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना हळू बोलणे आता जमत नाही, "तिसऱ्या रुळाचा आवाज बरोबर आहे. कात्री मात्र थोडी उशिरा पडली." सभागृहात हशा पिकला. मी घड्याळाप्रमाणे पाहिले असते, तर कात्री वेळेवरच पडली होती. पण त्या रुळांजवळ आयुष्य काढलेल्या माणसाने माझी रचना शेवटपर्यंत ऐकली होती आणि तिच्यात चूक काढली होती. कलावंताला आणखी काय हवे असते?

आता मी दुसरी फर्माईश केली आहे. ही रचना आणखी खालच्या पट्टीत असेल, कारण अब्बांचे कान दिवसेंदिवस मंद होत आहेत. ती वेळेत पूर्ण होईल की नाही, मला ठाऊक नाही. पूर्ण झाली तर अब्बा ऐकतील. उशीर झाला तर दुसरे कोणीतरी ऐकेल, जशी एलिझबाईंनी मागितलेली रचना आज आपण ऐकतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी यंत्रमाग असेल, कोणाचे वडील गॅरेजमध्ये काम करत असतील, कोणाची आई शिवणयंत्र चालवत असेल. त्या आवाजांकडे एकदा कान देऊन बसा. आणि तुम्हांला हवी असलेली गोष्ट कुठेच सापडली नाही, तर ती नाहीच असे समजू नका. कदाचित ती अजून कोणी मागितलेली नसेल.